कोरियन तारखा शिकायच्यात? मग कालनिर्णय जवळ ठेवा

कोरियन शिकायला घेतलं की हांगुल, म्हणजे त्यांची लिपी, वाचता येतं न येतं तोच तारीख-वार-महिना हा धडा येतो आणि बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते. माझ्या मते त्याचं कारण एकच, आपण सगळे हा धडा इंग्लिशमधून शिकतो. मंडे म्हणजे अमुक, टुमारो म्हणजे तमुक, अशी पाठांतरं करतो. खरं तर मराठी माणसाला यातलं निम्मं आधीच येत असतं, वार ग्रहांवरून, तिथी, अधिक महिना, परवा-तेरवा, हे सगळं आपल्याकडे आहेच की. तर इंग्लिश बाजूला ठेवा आणि या वाटेने चला.

आधी उच्चारांचं सांगते. मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय, त्यात 'ऑ' लिहिलंय तिथे ओ आणि अ च्या मधला आवाज समजा, आणि काही 'उ' असे आहेत की ओठ गोल न करता, दात दिसतील असे ताणून म्हणायचे (कुठले ते गाणी-ड्रामा ऐकून आपोआप कळतं). फ म्हणजे आपल्या फळातला फ, फॅनमधला नाही. छ, थ, फ हे आवाज आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत, त्यामुळे इंग्लिशवाल्यांना जिथे घाम फुटतो तिथे आपण निवांत असतो.

आकडे: कुठला सेट लागतो

कोरियनमध्ये आकड्यांचे दोन सेट आहेत. एक अस्सल कोरियन, हाना, दुल, सेत, नेत वाला, आणि दुसरा चिनीवरून आलेला. तारखेला, महिन्याला, सालाला फक्त दुसरा लागतो, अपवाद नाही. तो असा: इल, इ, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, गु, शिप. पुढे अकरा म्हणजे दहा-एक, शिबिल. बारा शिबि. वीस म्हणजे दोन-दहा, इशिप. तीस सामशिप. शंभर बेक, हजार छॉन. बास. आपल्या मराठीत एकोणसाठ-एकोणसत्तर-एकोणऐंशी करताना पोरं रडतात, इथे तसलं काही नाही, दहा आकडे आले की शंभरपर्यंत सगळे आले.

वाजले किती हे सांगताना मात्र तास पहिल्या सेटमधून आणि मिनिटं दुसऱ्यातून असा गोंधळ आहे, पण तो आजचा विषय नाही. आज डोक्यात एकच ठेवा, कॅलेंडरवर जे छापलेलं असतं ते इल-इ-सामने वाचायचं.

महिने

महिन्यांना नावंच नाहीत. चैत्र नाही, जानेवारी नाही, नुसता आकडा आणि पुढे वॉल. इरवॉल, इवॉल, सामवॉल, सावॉल, ओवॉल, युवॉल, छिरवॉल, फारवॉल, गुवॉल, शिवॉल, शिबिरवॉल, शिबिवॉल. इल चं इर झालं, छिल चं छिर, फाल चं फार, कारण पुढे स्वर-अर्धस्वर आला की ल गुळगुळीत होऊन र सारखा ऐकू येतो, ते लिहिताना ल च असतं, फक्त बोलताना.

खरी गोम दोन महिन्यांत आहे. जून आणि ऑक्टोबर. नियमाने युक-वॉल आणि शिप-वॉल व्हायला हवं पण क आणि प गळून पडतात, युवॉल, शिवॉल, आणि हे नुसतं बोलण्यात नाही, लिहितानाही तसंच लिहितात. परीक्षेत हमखास विचारतात. बीटीएसवाल्यांना हे वेगळं पाठ करायला नको, कारण बँडचं डेब्यू १३ जून २०१३ चं, म्हणजे युवॉल शिप्सामिल, आणि त्यातल्या जिमिनचा वाढदिवस १३ ऑक्टोबर, म्हणजे शिवॉल शिप्सामिल. दोन्ही अवघड महिने, दोन्हीला तेरा तारीख, अजून काय पाहिजे. बाकीच्यांनी आपापल्या घरातला जून-ऑक्टोबरचा वाढदिवस शोधा आणि तो मोठ्याने म्हणत राहा.

तारीख, आणि 'इल'चा घोळ

तारखेला आकड्यापुढे इल लावायचं. आता इल म्हणजे एकही आणि इल म्हणजे दिवसही, त्यामुळे एक तारीख झाली इल-इल, जी बोलताना 'इरिल' ऐकू येते. दोन तारीख 'इइल', तीन 'सामिल', चार 'साइल', पाच 'ओइल', सहा 'युगिल', सात 'छिरिल', आठ 'फारिल', नऊ 'गुइल', दहा 'शिबिल'.

थांबा. दहा तारीख शिबिल? पण वर अकरा म्हणजे पण शिबिलच लिहिलंय ना? हो. दोन्ही अगदी सारखे ऐकू येतात. दहा तारीख म्हणजे शिप अधिक इल (दिवस), अकरा आकडा म्हणजे शिप अधिक इल (एक). तसंच वीस तारीख आणि एकवीस आकडा दोन्ही इशिबिल, तीस तारीख आणि एकतीस आकडा दोन्ही सामशिबिल. ऐकताना जीव कासावीस होतो पण यातून सुटायची युक्ती सोपी आहे, अकरा तारीख असेल तर शेवटी अजून एक इल यायलाच हवा: शिबिरिल. एकवीस तारीख इशिबिरिल. एकतीस तारीख सामशिबिरिल. म्हणजे तारीख ऐकताना शेवटी नुसतं 'बिल' आलं तर दहा-वीस-तीस, 'बिरिल' आलं तर अकरा-एकवीस-एकतीस. हा एक 'रि' कानाला पकडता यायला लागला की ऐकण्याच्या पेपरात तारखेचा मार्क जात नाही. मी सुरुवात करणाऱ्यांना सांगते, बाकी सगळं नंतर करा, आधी या सहा तारखा उलटसुलट करून कुणाकडून तरी म्हणवून घ्या आणि ओळखा.

म्यॉछिल हा शब्द पण इथेच घ्या, म्हणजे कितवी तारीख. ओनुरि म्यॉछिरिएयो? आज किती तारीख? वार विचारायचा तर मुसुन न्योइल, महिना विचारायचा तर म्यॉदवॉल, आणि नुसतं कधी म्हणायचं तर ऑन्जे. वाढदिवस कधी असतो हे बरोबरीच्या माणसाला सेङिरि ऑन्जेयेयो असं विचारायचं, पण समोर आजी-आजोबा किंवा ऑफिसातले वरिष्ठ असतील तर वाढदिवसाचा शब्दच बदलतो, सेङिल चं सेङशिन होतं: सेङशिनि ऑन्जेसेयो? आपण तुझा-तुमचा वर भागवतो, ते नामच बदलून टाकतात.

साल, आणि उलटा क्रम

साल म्हणजे न्यॉन. पूर्ण आकडा वाचायचा, इंग्लिशसारखं नाइन्टीन नाइन्टीफाइव्ह असं तोडायचं नाही. १९९५ म्हणजे छॉन गुबेक गुशिबो न्यॉन, हजार नऊशे पंच्याण्णव. हजाराच्या आधी इल लावत नाहीत, नुसतं छॉन. २०१३ इछॉन शिप्साम न्यॉन. आणि २०२६ हे खास जिभेचा व्यायाम आहे, लिहायचं इ-छॉन-इ-शिप-युक-न्यॉन, म्हणायचं 'इछॉन इशिम्न्युङन्यॉन'. काय झालं बघा, प च्या पुढे यु आला की मध्ये न घुसतो आणि प चा म होतो, आणि क च्या पुढे न आला की क चा ङ होतो. सोळा तारीख आणि सव्वीस तारीख यांनाही हाच पहिला नियम लागतो, शिम्न्युगिल, इशिम्न्युगिल. हळू म्हणा, मग वेग आपोआप येतो. रागवून म्हणू नका, शिवी वाटते.

क्रम साल, महिना, तारीख. मोठ्याकडून लहानाकडे, नेहमी. १५ मार्च २०२६ लिहायचं तर २०२६. ३. १५. आणि मध्ये स्लॅश नाही, टिंबं. आता हे शिकणाऱ्याला पुस्तकात सोपं वाटतं, पण रांजणगाव-चाकणकडे ज्यांचं कोरियन कंपन्यांशी रोजचं काम आहे त्यांना विचारा. मेलमध्ये साल न लिहिता नुसतं ४/३ आलं तर कोरियन माणसाच्या डोक्यात ती ३ एप्रिल असते आणि आपण वाचतो ४ मार्च, डिलिव्हरीची तारीख असेल तर महिन्याचा फरक. तुम्ही लिहिताना महिना अक्षरात लिहा आणि त्यांचं वाचताना पहिला आकडा महिन्याचा धरा, दोन्हीकडून वाचाल. आकडा १२ च्या वर असला तर प्रश्नच नाही, कळतंच, धोका १ ते १२ मध्येच.

वार: इथे आपण राजे

इंग्लिशमधून वार शिकणाऱ्याला सात शब्द घोकावे लागतात. आपल्याला नाही. कोरियन वार ग्रहांवरून आहेत, आणि अगदी आपल्याच क्रमाने आहेत. शेवटचं योइल म्हणजे वार. पहिलं अक्षर बघा:

वॉर्योइल, वॉल म्हणजे चंद्र. सोमवार. ह्वायोइल, मंगळ ग्रह कोरियनमध्ये ह्वासॉङ. मंगळवार. सुयोइल, बुध ग्रह सुसॉङ. बुधवार. मोग्योइल, गुरु ग्रह मोकसॉङ. गुम्योइल, शुक्र गुमसॉङ. थोयोइल, शनि थोसॉङ. इर्योइल, इल म्हणजे सूर्य. रविवार.

झाले सात वार आणि पाच ग्रह फुकट. हा योगायोग नाही बरं का, ग्रहांच्या वारांची ही पद्धत भारतीय ज्योतिषातून चीनपर्यंत गेली, ८व्या शतकात तिथे काम करणारा अमोघवज्र नावाचा बौद्ध भिक्षू या विषयावरचा ग्रंथ चिनी भाषेत आणणारा. अर्थात रोजच्या व्यवहारात सात दिवसांचा आठवडा कोरियात खूप उशिरा आला, १९व्या शतकाच्या शेवटाकडे, पण नावं तीच राहिली.

मधली पाच अक्षरं म्हणजे पंचमहाभूतांसारखी त्यांची पाच तत्त्वं आहेत, आग, पाणी, लाकूड, सोनं किंवा धातू, माती. लक्षात ठेवायला ह्वा म्हणजे आग, मंगळवारी येणाऱ्या चतुर्थीला आपण अंगारकी का म्हणतो आठवा, अंगार. गुम म्हणजे सोनं, शुक्रवार लक्ष्मीचा. मोक म्हणजे झाड, गुरू झाडाखाली बसलेले. थो म्हणजे माती, शनिवारची सकाळची शाळा, पीटी आणि मैदानातली धूळ. सु म्हणजे पाणी, त्याला मला काही चांगलं सापडलेलं नाही, उरलेला बुधवार समजा.

बोलताना-लिहिताना योइल गाळून नुसती अक्षरं पण वापरतात, कॅलेंडरच्या वरच्या ओळीत वॉल-ह्वा-सु-मोक-गुम-थो-इल एवढंच असतं. ड्रामा बघणाऱ्यांनी हे बघितलेलं असणारच, चॅनेलवर मालिका आठवड्यातून दोन दिवस लागते आणि तिला त्या दोन वारांचंच नाव असतं, वॉल्ह्वा ड्रामा सोम-मंगळ, सुमोक ड्रामा बुध-गुरू, गुमथो शुक्र-शनि, थोइल शनि-रवि. तुमची चालू मालिका यातली कुठली ते शोधून काढा, दोन वार तिथेच पाठ. वीकेंडला जुमाल, कामाच्या दिवसांना फ्यॉङिल. शुक्रवारच्या रात्रीला पेटलेला शुक्रवार अशा अर्थाने बुलगुम म्हणतात आणि सोमवारी सकाळी जे होतं त्याला वॉर्योब्यॉङ, सोमवारचा आजार.

सोमवारी भेटू, उद्या भेटू

व्याकरणातली एकच गोष्ट इथे लागते आणि तिथेही मराठी कामाला येते. वेळ सांगणाऱ्या शब्दाला मागून 'ए' लागतो. वॉर्योइल चं वॉर्योइरे, सोमवारी. सामिल चं सामिरे, तीन तारखेला. पण आज, उद्या, काल यांना तो लागत नाही. पुस्तकं याला अपवाद म्हणून चौकटीत छापतात, पोरं घोकतात. अहो, आपण तरी उद्याला काय लावतो? सोमवारी म्हणतो, तारखेला म्हणतो, पण उद्या भेटू, काल आलो, आज नको. मराठीत जिथे प्रत्यय लावावासा वाटत नाही तिथे कोरियनमध्येही बहुतेक लागत नाही. एवढा नियम पुरे. पासून-पर्यंतचंही तसंच, ते शब्दाच्या मागेच येतात: बुथॉ म्हणजे पासून, क्काजि म्हणजे पर्यंत.

काल, परवा, तेरवा

ओनुल आज, नेइल उद्या, ऑजे काल. उद्याच्या नंतरचा परवा म्हणजे मोरे. हो, आडनावासारखाच, तुमच्या ओळखीत एखादे मोरे असतीलच त्यामुळे हा शब्द विसरणं शक्य नाही. तेरवा म्हणजे गुल्फि. मागचा परवा गुजॉक्के आणि मागचा तेरवा गुक्कुजॉक्के. आपल्याकडे परवा दोन्ही दिशांना चालतो, परवा आलो पण आणि परवा येतो पण, तिथे मागचा वेगळा पुढचा वेगळा, मोरे म्हटलं की पुढचाच. तेवढं सांभाळा.

आठवड्या-महिन्यांना मागचा जिनान, हा इबॉन, पुढचा दाउम. जिनान जु गेला आठवडा, दाउम दाल पुढचा महिना. वर्षांना मात्र स्वतंत्र शब्द, जाङन्यॉन गेल्या वर्षी, ओल्हे यंदा, नेन्यॉन पुढच्या वर्षी, आणि जेजाङन्यॉन म्हणजे त्याच्याही आधीचं वर्ष.

किती दिवस?

आता तारीख आणि मुदत यातला फरक. सामवॉल म्हणजे मार्च. तीन महिने म्हणायचं तर मध्ये गे घालायचा, साम गेवॉल. हा गे विसरला की 'तीन महिने कोरियन शिकतेय' चं 'मार्च शिकतेय' होतं. किंवा दाल वापरून अस्सल कोरियन आकड्याने हान दाल, दु दाल, सॉक दाल म्हणा, बोलण्यात हे जास्त गोड वाटतं. आठवडा इल्जुइल. दिवसांना सामिल म्हटलं तर तीन तारीख पण आणि तीन दिवस पण, संदर्भाने कळतं.

पण दिवस मोजायचे जुने अस्सल शब्द वेगळेच आहेत आणि ते सुंदर आहेत: हारु एक दिवस, इथुल दोन, साहुल तीन, नाहुल चार, दास्से पाच, यॉस्से सहा, इरे सात, यॉदुरे आठ, आहुरे नऊ, यॉल्हुल दहा. यातले पहिले चार आणि शेवटचा शिका, बाकीचे ओळखता आले तरी खूप. साहुलकडे मात्र नीट बघा, त्यात सा दिसतो आणि सा म्हणजे चार, म्हणून साहुल म्हणजे चार दिवस वाटतात. तीनच आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही, २०२० मध्ये १७ ऑगस्टला जादा सुट्टी जाहीर झाली आणि बातम्यांत साहुलची सुट्टी असं आलं तेव्हा खुद्द कोरियन लोक तीन दिवस म्हणजे साहुल कसे, चार ना, म्हणून वाद घालत होते आणि तो शब्द सर्चमध्ये वर गेला होता. असाच दुसरा सापळा गुमिल. सरकारी-ऑफिशियल कोरियनमध्ये गुमिल म्हणजे आज. तरुण पोरं ते गुम्योइल समजून शुक्रवारपर्यंत थांबतात. मेलमध्ये गुमिल क्काजि दिसलं तर आजच पाठवा.

ड्रामामधलं 'ओनुल्बुथॉ इरिल' पण याच खात्यातलं. आजपासून दिवस पहिला, म्हणजे आजपासून आपण कपल. पहिला दिवस शून्य धरत नाहीत, एक धरतात, आणि शंभरावा दिवस, बेगिल, साजरा करतात. हिशोब करताना त्यामुळे ९९ मिळवायचे, १०० नाही, नाहीतर सेलिब्रेशन एक दिवस उशिरा आणि मग बसा समजूत काढत.

तिथीवाला भाग

इथे खरी मजा आहे आणि बहुतेक ऑनलाइन कोर्स हा भाग दोन ओळींत उरकतात. कोरियात दोन कॅलेंडरं चालतात. याङन्यॉक म्हणजे सूर्याचं, आपण वापरतो ते इंग्रजी, आणि उम्न्यॉक म्हणजे चंद्राचं. १ जानेवारी १८९६ पासून सरकारी कामाला याङन्यॉक आलं, पण सण आणि घरातल्या मोठ्या माणसांचे वाढदिवस अजून उम्न्यॉकवर असतात. भिंतीवरच्या कोरियन कॅलेंडरात मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात उम्न्यॉकची तारीख छापलेली असते, कालनिर्णयच्या चौकटीत तिथी असते अगदी तशी. म्हणून कुणी वाढदिवस सांगितला आणि वयाने मोठं माणूस असेल तर याङन्यॉक का उम्न्यॉक हे विचारायचं. शिवजयंती तारखेने का तिथीने हा वाद ज्यांनी ऐकलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

बोरुम म्हणजे महिन्याचा पंधरावा दिवस, पौर्णिमेच्या आसपासचा. गुमुम म्हणजे महिन्याचा शेवटचा. त्यांचा महिना अमावस्येच्या दिवशीच सुरू होतो, आपला दुसऱ्या दिवशी, एवढा फरक. सॉल्लाल, म्हणजे त्यांचा चांद्र नववर्षाचा सण, त्यामुळे अमावस्येला सापडतो. २०२५ ला २९ जानेवारीला सॉल्लाल होता, त्याच दिवशी इकडे मौनी अमावस्या. छुसॉक हा आठव्या महिन्याचा बोरुम, तो बहुतेक वेळा भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास, २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि २९ ला छुसॉक.

मग २०२५ मध्ये छुसॉक ६ ऑक्टोबरला, चक्क कोजागिरीला, कसा काय गेला? कारण युनदाल. युनदाल म्हणजे आपला अधिक मास. चांद्र वर्ष सूर्याच्या मागे पडत जातं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एक महिना जादा घालतात, त्यांच्याकडे २०२५ मध्ये सहावा महिना दोनदा आला, आपल्याकडे तो २०२६ मध्ये ज्येष्ठात. दोघांचे नियम थोडे वेगळे त्यामुळे एकाच वर्षी येईलच असं नाही. या महिन्यात देवाधिकांचं लक्ष नसतं अशी तिथली जुनी समजूत, म्हणून एरवी ज्याला हात लावायला घाबरतात ती कामं, पूर्वजांची कबर हलवणं किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी अंत्यवस्त्रं शिवून ठेवणं, युनदालमध्ये करतात. आपल्याकडे लग्न-मुंजी बंद पण जावयाची चंगळ.

लाल दिवस

सुट्टीला रोजच्या बोलण्यात प्पालगान नाल म्हणतात, लाल दिवस, कारण कॅलेंडरात लाल छापतात. कागदोपत्री गोङह्युइल. सलग सुट्ट्या यॉन्ह्यु. रविवारी सण आला आणि सुट्टी वाया गेली तर बदली सुट्टी मिळते, देछे गोङह्युइल. (आपल्याकडे हे कधी येणार देव जाणे.) सरावाला २०२५ चा ऑक्टोबर घ्या, फार मस्त उदाहरण आहे. ३ तारखेला शुक्रवारी गेछॉनजॉल, राष्ट्रस्थापनेचा दिवस. ४ शनिवार. ५, ६, ७ छुसॉकचे तीन दिवस, त्यातला ५ रविवार, म्हणून ८ ला बदली सुट्टी. ९ ला हानगुल्लाल, लिपीचा दिवस. सलग सात दिवस. आता हे मोठ्याने: शिवॉल सामिल्बुथॉ गुइल्क्काजि यॉन्ह्युएयो. मग प्रत्येक तारखेचा वार सांगा, मग कुठला दिवस का लाल ते सांगा. या एका आठवड्यात या लेखातले निम्मे शब्द येऊन जातात.

१५ ऑगस्ट तर विसरूच नका, फारवॉल शिबोइल. तो त्यांचाही स्वातंत्र्याचा दिवस, ग्वाङबोकजॉल, १९४५ मध्ये जपानी राजवट संपली तो. १ मार्चला सामिल्जॉल, १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीचा. हा सामिल म्हणजे तीन तारीख नव्हे, तीन-एक. मोठ्या घटनांना ते महिना आणि तारखेचे आकडे सुटे सुटे वाचून नाव देतात, आपण सव्वीस अकरा म्हणतो तसं, फक्त महिना आधी. युगिओ, सहा-दोन-पाच, म्हणजे २५ जून १९५० ला सुरू झालेलं कोरियन युद्ध. साइल्गु १९ एप्रिल १९६० चं विद्यार्थ्यांचं आंदोलन. ओइल्फाल १८ मे १९८० चा, ग्वाङजु शहरातला लोकशाहीसाठीचा उठाव. बातम्या ऐकताना नुसते आकडे कानावर आले आणि वॉल-इल काहीच नसेल तर असं काहीतरी चाललंय समजा.

सराव कसा करायचा

वही-फ्लॅशकार्ड वगैरे ज्यांना जमतं त्यांनी करा. मला विचाराल तर फोनच्या कॅलेंडरची भाषा कोरियन करून टाका, फक्त कॅलेंडर अ‍ॅपची होत नसेल तर पूर्ण फोनची करा आणि आधी परत मराठी-इंग्लिश करायचं सेटिंग कुठे आहे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गॅसचा नंबर, ईएमआय, मुलांची परीक्षा, सगळं त्यातच दिसेल, आणि रोज दहा वेळा बघितल्यावर वॉल-ह्वा-सु डोक्यात बसायला वेगळा वेळ द्यावा लागत नाही. दुधाचा हिशोब लिहिणाऱ्यांनी तो कोरियन तारखेने लिहा, गंमत म्हणून. टोपिक १ (कोरियन भाषेची परीक्षा, पहिली पातळी) देणार असाल तर वाचनाच्या पेपरात दुकानाच्या, कार्यक्रमाच्या नोटिसा येतात, त्यात कधीपासून कधीपर्यंत आणि कुठल्या वारी बंद हेच विचारलेलं असतं, तेव्हा बुथॉ-क्काजि आणि वारांची सुटी अक्षरं डोळ्याला लगेच दिसली पाहिजेत.

आणि घरात कोरियन क्रीम-सीरम येत असतील तर ट्यूबच्या टोकावर छापलेली तारीख बघा. साल आधी, मग महिना, मग दिवस, आणि त्याच्या मागे हांगुलमध्ये दोन अक्षरं. ती जेजो असतील तर ती बनवल्याची तारीख, क्काजि असेल तर तोपर्यंत वापरायचं. जेजोवाली तारीख बघून, अगं बाई ही तर गेल्या वर्षीच एक्स्पायर झाली, म्हणून चांगलं भरलेलं सीरम कचऱ्यात टाकणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कधीकधी दोन्ही तारखा असतात, तेव्हा वरची-खालची न बघता शेवटची दोन अक्षरं बघायची.